मोलकरणीची मालकीण : एका कादंबरी-कुळाची कथा

इंग्लंडमधलं कोल्चेस्टर गाव. आठ वर्षांची एक अनाथ पोर. गावच्या अधिकाऱ्यांनी फर्मावलंय की हिला आता कुणाच्या तरी घरी कामाला लावा. पोर रडरड रडते. मला घरकामाला जायचं नाही, मला बाईसाहेब व्हायचंय, म्हणते. सांभाळणारी म्हातारी विचारते, कमावतेस किती? सूत कातलं तर तीन पेनी, शिवण केली तर चार. एवढ्यात अन्नवस्त्र भागेल का? भागणार नाही, म्हातारी सांगते. मग मी जेवणारच नाही, पोर म्हणते. स्वतःच्या हातांनी मिळवायचं, कुणाच्या दारात राबायचं नाही, एवढाच तिच्या लेखी बाईसाहेब होण्याचा अर्थ.

हा प्रसंग डॅनिएल डिफोच्या 'मॉल फ्लँडर्स'मधला आहे. कादंबरी 1722 ची. गरिबीत जन्मलेली, महत्त्वाकांक्षी, पुढे श्रीमंत झालेली स्त्री आणि तिच्याभोवती उभा केलेला जुना काळ, अशा जाडजूड कादंबऱ्यांचं एक मोठं कुळ इंग्रजीत आहे. विसाव्या शतकात त्यांच्या कोट्यवधी प्रती खपल्या. समीक्षकांनी त्यांना फारसं जवळ केलं नाही. रेल्वे स्टेशनवर घ्यायची आणि प्रवास संपला की सोडून द्यायची पुस्तकं, असाच त्यांचा लौकिक राहिला. मला हा न्याय पटत नाही. या कुळाचं मूळ शोधत मागे गेलं की वंशखूण म्हणून पहिल्यापासून हिशोबाची वही दिसते. प्रेम, देखणेपण, नशीब या गोष्टी नंतर येतात. तीन पेनी की चार, भागतं की नाही, हा प्रश्न आधी येतो.

डिफोला हा प्रश्न पुस्तकातून कळलेला नव्हता. तो व्यापारी होता. 1692 मध्ये त्याचं दिवाळं निघालं तेव्हा डोक्यावर सतरा हजार पौंडांचं कर्ज होतं. 1703 मध्ये एका उपरोधिक पत्रकाबद्दल त्याला चौकात खोड्यात उभं केलं आणि न्यूगेटच्या तुरुंगातही टाकलं. वीस वर्षांनी त्याने आपल्या नायिकेला जन्माला घातलं ते याच न्यूगेटमध्ये. तिची आई कापडचोर. गरोदर असल्यामुळे फाशी टळते आणि पुढे तिची रवानगी अमेरिकेतल्या वसाहतीत होते.

मॉलच्या आयुष्यात पाच लग्नं होतात आणि प्रत्येक लग्नाआधी, प्रत्येक वैधव्यानंतर ती हातातल्या पैशाची मोजदाद करते. पहिल्यांदा मोहात पडते तेव्हाही मुठीत आलेल्या पाच गिनींचा उल्लेख चुकत नाही. पहिली चोरी एका औषधविक्याच्या दुकानातली. घरी येऊन ती बोचकं सोडते तेव्हा बाळंतिणीचे कपडे, चांदीचं भांडं, चांदीचा छोटा पेला, सहा चमचे आणि कागदात गुंडाळलेले अठरा शिलिंग सहा पेन्स निघतात. ही यादी वाचताना अंगावर काटा येतो, कारण चोरीच्या भीतीने थरथरणारी बाईही मोजणं थांबवत नाही. गरिबी ज्याने पाहिली आहे त्यालाच हे सुचतं. शेवटी ती अमेरिकेत मळ्याची मालकीण होते. आठ वर्षांत मळ्याचं उत्पन्न वर्षाला तीनशे पौंडांवर जातं आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर ती इंग्लंडला परतते.

ती सारखी मोजते याला कारणही आहे. त्या काळच्या इंग्लंडच्या कायद्यात लग्न झालं की बायकोचा पैसा नवऱ्याचा. तिची मजुरी, तिचे दागिने, तिचं नाव, सगळं त्याच्या खात्यात. म्हणून मॉल लग्न करतानाही थोडी रक्कम गुपचूप बाजूला ठेवते. डिफोचं व्यापाऱ्यांसाठी लिहिलेलं एक मोठं मार्गदर्शक पुस्तक आहे, 1725 पासून प्रसिद्ध झालेलं. नवऱ्याने बायकोला धंद्याची माहिती द्यावी, म्हणजे उद्या तो गेला तरी तिला दुकान चालवता येईल, हे तो त्यात तळमळीने सांगतो. त्याआधी, 1697 मध्ये, मुलींसाठी विद्यालय काढण्याची योजनाही त्याने मांडली होती. स्त्रीला पैशाचं ज्ञान असावं हे या माणसाचं आयुष्यभराचं म्हणणं होतं. 'मॉल फ्लँडर्स' ही त्याच म्हणण्याची कादंबरी आहे असं मी समजतो.

आणखी एक गोष्ट डिफोने केली आणि ती पुढच्या कुळाला फार उपयोगी पडली. कादंबरीच्या अखेरीस त्याने साल घातलं 1683. म्हणजे गोष्ट छापली तेव्हाच ती जवळजवळ चाळीस वर्षं जुनी होती. ऐतिहासिक कादंबरीची सुरुवात सर वॉल्टर स्कॉटच्या 1814 च्या 'वेव्हर्ली'पासून धरतात आणि तिच्या उपशीर्षकातच साठ वर्षांपूर्वीची गोष्ट असल्याचं जाहीर केलेलं आहे. तेव्हा डिफोला त्या अर्थाने ऐतिहासिक कादंबरीकार म्हणता येत नाही. पण महत्त्वाकांक्षी बाईची गोष्ट सांगायची तर तिला थोडं मागच्या काळात नेऊन ठेवायचं, ही वाट त्याच्यापासून दिसते. आजच्या बाईने असं वागलेलं जे वाचक सहन करणार नाहीत, ते पणजीच्या काळातल्या बाईला माफ करतात. शिवाय दारिद्र्यातून वर यायला एक अख्खं आयुष्य लागतं. ते दाखवायचं तर लेखकाला पन्नास-साठ वर्षं मागून चालत यावंच लागतं.

यानंतर इंग्रजी कादंबरीने ही वही जवळजवळ सव्वाशे वर्षं बंद करून ठेवली. सॅम्युएल रिचर्डसनच्या 'पामेला'त (1740) मोलकरीण मालकाच्या घरची लक्ष्मी होते, पण ती शीलाचं बक्षीस म्हणून. तिने काही हवं म्हणणंच पाप. हेन्री फील्डिंगने पुढच्याच वर्षी 'शामेला' लिहून या सात्त्विकतेची खिल्ली उडवली. त्याच्या मते ती पोरगी पहिल्यापासून डाव टाकत होती. दोघांच्याही मनात गृहीत एकच होतं. हवं म्हणणारी बाई चांगली असूच शकत नाही.

ते गृहीत पहिल्यांदा ढिलं केलं विल्यम मेकपीस थॅकरेने. थॅकरेचा जन्म 1811 चा, कलकत्त्याचा, बाप कंपनी सरकारच्या नोकरीत. वारशाने आलेला पैसा तरुणपणीच गेला. कलकत्त्याच्या पेढ्या बुडाल्या त्यात त्याचंही बरंच बुडालं. पैसा नसताना पैसेवाल्यांच्या पंगतीत बसणं काय असतं हे त्याला ठाऊक होतं. 'व्हॅनिटी फेअर' 1847 च्या जानेवारीपासून 1848 च्या जुलैपर्यंत मासिक भागांत निघत गेली. काळ मात्र वॉटर्लूच्या लढाईच्या आसपासचा, म्हणजे तीसेक वर्षं मागचा. बेकी शार्प चित्रकला शिकवणाऱ्या एका कर्जबाजारी माणसाची मुलगी. शाळेत ती फ्रेंच शिकवून आपल्या राहण्या-जेवण्याची किंमत चुकती करते. निरोपाच्या वेळी मिळालेला जॉन्सनचा शब्दकोश ती गाडीतून बागेत भिरकावून देते, आणि तिथून तिची चढाई सुरू होते.

बेकीचा सगळ्यात थोर क्षण माझ्या मते ब्रुसेल्समधला आहे. वॉटर्लूच्या तोफा ऐकू येतायत, इंग्रज कुटुंबं पळायच्या बेतात आहेत, घोडे मिळेनासे झालेत. बेकीकडे दोन घोडे आहेत. ते ती घाबरलेल्या जोस सेडलीला मनाला येईल त्या भावाने विकते. हा जोस हिंदुस्थानातून गब्बर होऊन आलेला कलेक्टर. लढाईत नवरा मेलाच तर आपल्यापाशी किती उरेल, याचं टिपणही ती तोवर मनाशी करून ठेवते. पुढे तिच्याच तोंडी थॅकरेने एक विचार घातला आहे की वर्षाला पाच हजार पौंड मिळत असते तर चांगली बाई होणं आपल्यालाही जमलं असतं. चांगुलपणालाही भांडवल लागतं, हे इतक्या स्पष्टपणे कुणी बोललं नव्हतं.

तरीही थॅकरे तिला पूर्णपणे जिंकू देत नाही. बेकीने उधारीवर थाटलेल्या संसारापायी रॅगल्स नावाचा एक जुना बटलर, तिचा घरमालक, देशोधडीला लागतो. त्याचं दुःख थॅकरे विसरू देत नाही आणि त्यात तो बरोबर आहे. पण बेकीला कमावण्याची एकही सरळ वाट त्या काळाने ठेवलेली नव्हती, हेही तितकंच खरं. शिकवणी, लग्न, नाहीतर उधारी. दुकान काढलं असतं तरी गल्ला कायद्याने नवऱ्याचा झाला असता.

ही वाट कायद्याने उघडली. 1870 च्या कायद्याने इंग्लंडमधल्या विवाहित स्त्रीला स्वतःची मजुरी स्वतःकडे ठेवता आली. 1882 च्या कायद्याने मालमत्ता स्वतःच्या नावावर ठेवण्याचा आणि करार करण्याचा अधिकार मिळाला. कादंबरीच्या इतिहासात या दोन सालांना फारसं कुणी मोजत नाही. मी मोजतो. बायकोच्या नावाने खातं उघडता आल्याशिवाय धंदा करून श्रीमंत झालेली नायिका उभीच राहू शकत नव्हती.

अमेरिकेतल्या दोन मोठ्या कादंबऱ्यांबद्दल थोडक्यात सांगतो. मार्गारेट मिचेलची 'गॉन विथ द विंड' 1936 च्या जूनमध्ये आली आणि वर्ष संपायच्या आत दहा लाख प्रती गेल्या. स्कार्लेट ओहारा गरीब जन्मलेली नाही. यादवी युद्ध तिला कंगाल करतं. घराचा तीनशे डॉलर कर भरायला पैसे नाहीत म्हणून ती सख्ख्या बहिणीचा वाग्दत्त वर पटकावते, मग लाकडाची गिरणी चालवते आणि नफ्यासाठी कैद्यांना राबवते. महामंदीत होरपळलेल्या वाचकांनी तिला डोक्यावर घेतलं यात नवल नाही. मात्र या कादंबरीने गुलामगिरीचं जे गोंडस चित्र काढलं ते खोटं आहे, आणि स्कार्लेटच्या कर्तबगारीचं कौतुक करताना ते नजरेआड करता येत नाही.

दुसरी कॅथलीन विन्सरची 'फॉरेव्हर अँबर', 1944 ची. काळ इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाचा. शेतकऱ्याच्या घरी वाढलेली अँबर लंडनला येते, कर्जापायी न्यूगेटमध्ये जाते, 1665 चा प्लेग आणि 1666 ची आग यांतून निभावते आणि शेवटी डचेस होते. मॉलचा तुरुंग इथे पुन्हा भेटतो. अमेरिकेतल्या चौदा राज्यांनी पुस्तकावर बंदी घातली, ऑस्ट्रेलियानेही घातली, आणि तरी पहिल्याच आठवड्यात लाखभर प्रती संपल्या. युद्धाच्या त्या वर्षांत लाखो अमेरिकी स्त्रिया कारखान्यांत जाऊन पहिल्यांदा स्वतःचा पगार हातात घेत होत्या. अँबरचा काळ तीनशे वर्षांपूर्वीचा असेल, पण तिचं धाडस त्यांना जवळचं वाटलं असणार.

या कुळाला भरघोस पीक आलं ते इंग्लंडच्या उत्तरेत, कोळशाच्या आणि कापडगिरण्यांच्या मुलखात. इथे दोन बायकांबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण त्यांच्यापाशी येऊन नायिका आणि लेखिका यांतलं अंतरच मिटलं.

कॅथरीन कुकसन 1906 मध्ये टाइन नदीकाठच्या गोदीवस्तीत जन्मली. आई अविवाहित. आजी-आजोबांनी तिला आपली मुलगी म्हणून वाढवलं, आणि जिला ती थोरली बहीण समजत होती ती आपली आई आहे हे तिला लहानपणी रस्त्यावर खेळताना कळलं. आई दारूत बुडालेली. गहाणवट्याकडे सामान घेऊन जाणं आणि आईसाठी दारू आणणं ही कामं या पोरीची. पुढे ती अनाथ-निराधारांच्या सरकारी आश्रमाच्या धुलाईघरात कामाला लागली आणि हेस्टिंग्ज इथे धुलाईघराची प्रमुख झाली. पगारातून पै पै साठवून तिने एक मोठं घर घेतलं आणि त्यात भाडेकरू ठेवले. लागोपाठ गर्भपात झाले, मन खचलं, तेव्हा सावरण्यासाठी ती लिहू लागली. पहिली कादंबरी 'केट हॅनिगन' 1950 मध्ये आली तेव्हा तिचं वय होतं चव्वेचाळीस. त्यानंतर शंभराच्या आसपास पुस्तकं. त्यांच्या दहा कोटींवर प्रती खपल्या. ब्रिटनच्या सार्वजनिक ग्रंथालयांतून सर्वांत जास्त नेल्या जाणाऱ्या लेखकांत ती सलग सतरा वर्षं पहिली होती. विकत घेणं परवडत नाही असे वाचक तिला घरी नेत होते, हे मला खपाच्या आकड्यापेक्षा मोठं वाटतं.

बार्बरा टेलर ब्रॅडफर्ड 1933 ची, लीड्सची. दहाव्या वर्षी तिची गोष्ट एका मुलांच्या मासिकाने घेतली आणि साडेसात शिलिंग दिले. त्यातून तिने वडिलांना हातरुमाल आणि आईला हिरवी फुलदाणी आणली. पंधराव्या वर्षी ती 'यॉर्कशायर ईव्हनिंग पोस्ट'मध्ये टायपिस्ट होती, सोळाव्या वर्षी वार्ताहर, अठराव्या वर्षी स्त्रियांच्या पानाची संपादक. पुढे न्यूयॉर्क. अनेक कादंबऱ्या सुरू करून सोडून दिल्यावर 1979 मध्ये 'अ वुमन ऑफ सब्स्टन्स' बाहेर आली.

तिची नायिका एमा हार्ट विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यॉर्कशायरच्या फेअर्ली हॉलमध्ये स्वयंपाकघरातली पोरगी. मालकाच्या मुलापासून दिवस जातात, तो हात झटकतो, आणि ती बोचकं घेऊन लीड्सला येते. ज्यू शिंप्यांच्या कारखान्यात काम करते, मग आर्मलीत छोटं दुकान टाकते, मग दुसरं, तिसरं, आणि अखेर लंडनच्या नाइट्सब्रिजमध्ये तिच्या नावाचं भव्य स्टोअर उभं राहतं. हे हवेतलं नव्हतं. लीड्समध्ये ज्यू शिंप्यांची मोठी वस्ती होती. मायकेल मार्क्स या ज्यू निर्वासिताने 1884 मध्ये तिथल्याच कर्कगेट मंडईत एका पेनीला वस्तू विकायचं टेबल मांडलं. त्यातून 'मार्क्स अँड स्पेन्सर' वाढली. एमाचा जिना खऱ्या विटांचा होता. ती बरोबर एक योजना बाळगते, कशात किती घालायचं आणि किती उरवायचं याची. ज्या फेअर्ली हॉलमध्ये भांडी घासली तो ती शेवटी विकत घेऊन जमीनदोस्त करते.

पुस्तकाच्या तीन कोटींवर प्रती गेल्या. 1985 मध्ये चॅनेल फोरवर मालिका आली तेव्हा ती एक कोटी तीस लाखांहून जास्त लोकांनी पाहिली. पण मला सगळ्यात हलवून जाते ती त्यानंतरची गोष्ट. बार्बराची आई फ्रीडा मुलीला पुस्तकं वाचायला लावी, मोठमोठे वाडे दाखवायला नेई, पण स्वतःच्या बालपणाबद्दल बोलत नसे. कादंबरीनंतर अनेक वर्षांनी चरित्रकाराने जुनी दप्तरं धुंडाळली तेव्हा निघालं की फ्रीडा विनाविवाह जन्मलेली होती आणि तिचं लहानपण रिपनच्या निराधारांच्या आश्रमातून गेलेलं होतं. मुलीने अजाणता आजीची कहाणी लिहिली होती. ज्यांचं नाव फक्त आश्रमाच्या नोंदवहीत उरतं अशा बायकांची ही बखर आहे, आणि तिचे वाचकही त्याच बायकांच्या मुली आणि नाती होत्या.

आपल्याकडे काय झालं? मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी गुंजीकरांचं 'मोचनगड', 1871 चं. तिथपासून आपली ऐतिहासिक कादंबरी प्रामुख्याने गडावर आणि दरबारात रमली. तिने आपल्याला पुष्कळ दिलं, पण बाजारपेठेत ती क्वचितच उतरली. कायद्याची बाजूही विसरता येत नाही. हिंदुस्थानात विवाहित स्त्रीच्या मालमत्तेचा कायदा 1874 मध्ये झाला, पण त्यातून हिंदू, मुसलमान आणि इतर काही धर्मांच्या स्त्रियांना वगळलेलं होतं. 1937 मध्ये हिंदू विधवेला मर्यादित हक्क मिळाला आणि मिळालेल्या मालमत्तेवर पूर्ण मालकी 1956 मध्ये. आपल्या आज्यांची हिशोबाची वही कायद्याने उघडली ती इतक्या उशिरा.

म्हणून वह्या नव्हत्याच असं मात्र नाही. गिरणगावातल्या खानावळी आठवा. गिरण्यांत कोकणातून, घाटावरून आलेले गडी, बायको गावी. त्यांना दोन वेळा जेवू घालणाऱ्या बायका चाळीतल्या एका खोलीत पहाटेपासून चुलीपुढे. किती गडी, किती भाकरी, पगाराच्या तारखेला कोण पैसे देईल, कोण चुकवेल, सावकाराचं व्याज किती, सगळं डोक्यात. संपाच्या काळात त्यांनी उधारीवर जेवायला घातलं आणि स्वतः कर्जात गेल्या. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेची कर्जं मिळवून दिली, तेव्हा कुठे त्यांच्या व्यवहाराला कागद लाभला. गिरणीच्या आत रीळखात्यात बायकांवर नाईकीण, म्हणजे मुकादम बाई, असे. एखादी बाई त्या पायरीपर्यंत कशी चढत असेल? गिरगावात 1959 मध्ये सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले आणि त्यातून 'लिज्जत' झालं, हे सगळे अभिमानाने सांगतात. पण त्या गच्चीवरची एक बाई घेऊन तिचं साठ वर्षांचं आयुष्य कादंबरीत उभं करावं, इतकं ते मोलाचं आहे.

दिल्लीच्या नाचगाण्यातून आलेली आणि सरधन्याची जहागीरदार झालेली बेगम समरू इतिहासाला माहीत आहे. 1803 मध्ये आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईच्या लढाईत तिच्या पलटणी शिंद्यांच्या बाजूने होत्या, म्हणून ती आपल्याही कागदपत्रांत सापडते. फौज बाळगली की नोंद होते. चूल आणि गल्ला सांभाळला तर होत नाही.

तेव्हा ऐतिहासिक कादंबरी लिहू पाहणाऱ्या मित्रमैत्रिणींना माझी विनंती आहे की एकदा गडावरून खाली उतरून लालबाग-परळच्या चाळींत जा. खानावळ चालवलेल्या, भाजीचा गाळा मिळवलेल्या, भिशीच्या पैशातून खोली घेतलेल्या बायका आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना तारखा विचारा, भाव विचारा, व्याजाचा दर विचारा. आणि वाचकहो, तुमच्या घरात आजीच्या हातची उधारीची, दुधाची, भिशीची वही असेल तर ती रद्दीत घालू नका.